शरीरात पाणी किती? उंची, वजन आणि वय यांवरून अंदाज काढण्याची रीत

११० किलो वजनाच्या, १६५ सेंमी उंचीच्या, ५० वर्षांच्या पुरुषाच्या शरीरात किती लिटर पाणी असेल? शाळेत पाठ केलेला साठ टक्क्यांचा नियम लावला तर उत्तर ६६ लिटर येते. उंची, वजन आणि वय हे तिन्ही विचारात घेणारे सूत्र लावले तर ५२.४ लिटर येते. एकाच माणसाबद्दलच्या या दोन उत्तरांत साडेतेरा लिटरांहून अधिक फरक आहे, आणि डायलिसिस पुरेसे होते आहे की नाही हे तपासायचे असेल किंवा रक्तातले वाढलेले सोडियम खाली आणायला किती पाणी लागेल याचा हिशेब मांडायचा असेल, तर एवढा फरक मुळीच परवडणारा नाही.

डायलिसिस विभागात नव्याने रुजू झालेले तंत्रज्ञ, परिचर्या आणि आहारशास्त्राचे विद्यार्थी आणि ज्यांना हा हिशेब मुळापासून समजून घ्यायचा आहे अशा कोणाहीसाठी हा लेख लिहिला आहे. साधने म्हणाल तर वजनकाटा, उंची मोजण्याची पट्टी आणि साधा कॅल्क्युलेटर एवढीच लागतात. हाती येणारा आकडा हा अंदाज असतो, मोजमाप नव्हे, आणि त्यावरून उपचार ठरवण्याचे काम डॉक्टरांचे आहे; मात्र अंदाज कसा निघतो आणि कुठे फसतो हे तो काढणाऱ्याला ठाऊक असायलाच हवे.

एका किलोत पाणी किती?

सूत्रांकडे जाण्याआधी एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचे सगळे सोपे होते. वजनकाट्यावरचा प्रत्येक किलो सारखा नसतो. स्नायूंच्या एका किलोत सुमारे पाऊण लिटर पाणी असते. चरबीच्या ऊतींच्या एका किलोत ते जेमतेम शंभर ते दोनशे मिलिलिटर भरते. पायांवर सूज चढून वजन एक किलोने वाढले असेल, तर तो जवळजवळ पूर्ण किलो म्हणजे पाणीच असते. त्यामुळे ‘वजनाच्या इतके टक्के’ असे म्हणताना आपण नकळत असे धरून चालतो की समोरच्या माणसाच्या अंगात स्नायू आणि चरबी यांचे प्रमाण ठरावीकच आहे. सडपातळ तरुण पुरुषाच्या बाबतीत साठ टक्के हा आकडा बऱ्यापैकी जुळतो. स्त्रियांच्या शरीरात चरबीचे प्रमाण सरासरीने जास्त असल्यामुळे तिथे पन्नास टक्के धरतात. वृद्ध पुरुषांसाठी पन्नास आणि वृद्ध स्त्रियांसाठी पंचेचाळीस टक्के धरण्याची पद्धत आहे, कारण वयाबरोबर स्नायू झडतात. नवजात बाळाच्या शरीरात मात्र सुमारे पंचाहत्तर टक्के पाणी असते. हे टक्के घाईच्या वेळी तोंडी हिशेबाला ठीक आहेत. मात्र माणूस जितका स्थूल, तितके ते खोटे ठरत जातात, कारण चरबीच्या किलोलाही ते स्नायूंइतकेच पाणी देऊन टाकतात.

चरबी वगळून उरलेल्या शरीरात पाण्याचे प्रमाण बरेच स्थिर, म्हणजे सुमारे ७३ टक्के असते. पेस आणि रॅथबन यांनी १९४५ मध्ये गिनीपिगांवरील कामातून ७३.२ हा आकडा मांडला आणि तो आजही वापरात आहे. या आकड्याशी आपली पुन्हा गाठ पडणार आहे.

पाणी शरीरात कुठे कुठे असते, हेही इथेच सांगून टाकतो. एकूण पाण्याचा साधारण दोन तृतीयांश भाग पेशींच्या आत आणि एक तृतीयांश बाहेर असतो. बाहेरच्या पाण्यातला सुमारे चौथा हिस्सा रक्तद्रवात, म्हणजे प्लाझ्मात, असतो. ४२ लिटर पाणी असेल तर २८ आत, १४ बाहेर आणि त्या १४ पैकी तीन ते साडेतीन लिटर रक्तद्रवात, असा ठोकळ हिशेब होतो. उंची-वजनाची सूत्रे फक्त एकूण आकडा देतात, ही वाटणी दाखवत नाहीत.

सूत्रे आली कुठून?

हौदात पाणी किती आहे हे हौद न उपसता काढायचे असेल, तर त्यात मोजून रंग टाकावा, ढवळावे आणि एका पेल्यात रंग किती फिका झाला ते पाहावे. शरीराच्या बाबतीत रंगाची जागा जड पाणी घेते. हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम असलेले पाणी मोजून प्यायला देतात, ते सगळीकडे पसरायला काही तास जाऊ देतात आणि मग लाळ, लघवी किंवा रक्ताच्या नमुन्यात त्याचे प्रमाण तपासतात. हेवेशी आणि होफर यांनी १९३४ मध्येच या मार्गाने माणसाच्या शरीरातील पाण्याचा अंदाज घेतला होता. ही पद्धतही अगदी निर्दोष नाही, कारण थोडे ड्यूटेरियम प्रथिनांसारख्या इतर पदार्थांतील हायड्रोजनची जागा घेते आणि उत्तर सुमारे चार टक्के जास्त येते. ती दुरुस्ती नंतर करून घेतात.

हे प्रत्येक रुग्णावर करणे शक्य नसते. म्हणून ज्यांच्यावर अशी मापने झाली होती, त्यांची उंची, वजन आणि वय घेऊन, त्यांच्याशी पाण्याचा आकडा कसा जुळतो ते संख्याशास्त्राने काढले गेले. वॉटसन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेली सूत्रे ४५८ पुरुष आणि २६५ स्त्रिया यांच्या, आधीच्या अभ्यासांतून गोळा केलेल्या माहितीवर उभी आहेत. प्रौढांसाठी सर्वाधिक वापरली जाणारी सूत्रे हीच, आणि नवख्याने सुरुवात यांच्यापासूनच करावी असे माझे मत आहे.

पहिली पायरी: मापे

सूत्र पाठ असते, मापच चुकीचे असते. बहुतेक चुका इथेच होतात. त्यामुळे या पायरीला घाई करू नये.

उंची मोजताना पादत्राणे काढून, टाचा जुळवून, टाचा, नितंब आणि खांदे भिंतीला टेकवून व्यक्तीला उभे करावे. डोळ्याची खालची कड आणि कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत यायला हवे. बहुतेक लोक उंची मोजताना हनुवटी वर उचलतात, ती हलकेच खाली आणायला सांगावी. केसांचा अंबाडा किंवा उंच बांधलेली वेणी सोडून घ्यावी. डोक्यावर टेकवायची फळी भिंतीशी काटकोनात असावी. माप दोनदा घ्यावे आणि दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा घ्यावे.

उंची विचारून लिहून घेण्याची सवय टाळावी. लोक उंची फुटांत सांगतात आणि ‘पाच फूट सात इंच’ हे पुष्कळदा ‘५.७ फूट’ असे लिहिले जाते. पाच फूट सात इंच म्हणजे १७०.२ सेंमी, ५.७ फूट म्हणजे १७३.७ सेंमी. कागदावर एक ठिपका, प्रत्यक्षात साडेतीन सेंटिमीटर! विचारून घेण्यावाचून इलाज नसेल तर फूट आणि इंच वेगवेगळे लिहावेत, फुटांना बाराने गुणून इंच मिळवावेत आणि बेरजेला २.५४ ने गुणावे.

जी व्यक्ती उभी राहू शकत नाही, तिच्यासाठी गुडघ्याच्या उंचीचा आधार घेता येतो. गुडघा आणि घोटा काटकोनात ठेवून टाचेच्या तळापासून मांडीच्या, गुडघ्याजवळच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर सेंमीमध्ये मोजायचे. वृद्धांसाठी चमली यांची सूत्रे रूढ आहेत:

पुरुष: उंची = ६४.१९ − (०.०४ × वय) + (२.०२ × गुडघ्याची उंची)
स्त्री: उंची = ८४.८८ − (०.२४ × वय) + (१.८३ × गुडघ्याची उंची)

७० वर्षांच्या स्त्रीची गुडघ्याची उंची ४६ सेंमी असेल, तर ८४.८८ मधून १६.८ वजा करून ८४.१८ मिळवायचे, उंची १५२.३ सेंमी येते. अंथरुणावर फीत पसरून वेड्यावाकड्या पाठीची लांबी मोजण्यापेक्षा हे बरे.

वजन शक्यतो सकाळी, पोट आणि मूत्राशय रिकामे असताना, हलक्या कपड्यांत घ्यावे. काटा कडक आणि सपाट जमिनीवर असावा. गालिचावर ठेवलेला काटा भरवशाचा नसतो. उभे राहण्याआधी काटा शून्यावर आहे याची खात्री करावी. चाकाच्या खुर्चीसह वजन केले असेल तर रिकाम्या खुर्चीचे वजन त्याच दिवशी, त्याच काट्यावर करून वजा करावे. वय पूर्ण झालेल्या वर्षांत घेतले तरी पुरते.

दुसरी पायरी: सूत्र

वॉटसन यांची सूत्रे अशी आहेत. उंची सेंमीमध्ये, वजन किलोमध्ये, वय वर्षांत, उत्तर लिटरमध्ये.

पुरुष: पाणी = २.४४७ − (०.०९५१६ × वय) + (०.१०७४ × उंची) + (०.३३६२ × वजन)
स्त्री: पाणी = −२.०९७ + (०.१०६९ × उंची) + (०.२४६६ × वजन)

स्त्रियांच्या सूत्रात वय नाही, हे पाहून नवखे हमखास बुचकळ्यात पडतात आणि छपाईत काही राहून गेले असावे असे समजतात. तसे नाही, ते सूत्र तसेच आहे.

दुसरी जोडी ह्यूम आणि वेयर्स यांची, १९७१ सालची:

पुरुष: पाणी = (०.१९४७८६ × उंची) + (०.२९६७८५ × वजन) − १४.०१२९३४
स्त्री: पाणी = (०.३४४५४७ × उंची) + (०.१८३८०९ × वजन) − ३५.२७०१२१

दशांशानंतर सहा-सहा अंक दिसले म्हणून या जोडीला जास्त अचूक समजू नये. ते अंक संख्याशास्त्रीय गणिताने मागे ठेवलेले आहेत. शरीरातल्या पाण्याशी त्यांचा फारसा संबंध नाही.

तिसरी पायरी: एक उदाहरण हाताने सोडवणे

पुरुष, वय ४०, उंची १७० सेंमी, वजन ७० किलो.

वय: ०.०९५१६ × ४० = ३.८०६
उंची: ०.१०७४ × १७० = १८.२५८
वजन: ०.३३६२ × ७० = २३.५३४
पाणी: २.४४७ − ३.८०६ + १८.२५८ + २३.५३४ = ४०.४ लिटर

ह्यूम-वेयर्स सूत्राने याच माणसासाठी ३९.९ लिटर येतात आणि साठ टक्क्यांच्या नियमाने ४२. तिन्ही उत्तरे जवळजवळ आहेत, कारण हा माणूस मध्यम बांध्याचा आहे.

आता स्त्री, उंची १५५ सेंमी, वजन ६२ किलो. ०.१०६९ × १५५ = १६.५७०; ०.२४६६ × ६२ = १५.२८९, बेरजेतून २.०९७ वजा केले की २९.८ लिटर. ह्यूम-वेयर्स २९.५ सांगते आणि पन्नास टक्क्यांचा नियम ३१.

उत्तर आले की लगेच ते वजनाच्या किती टक्के भरते ते पाहावे. ४०.४ भागिले ७० म्हणजे सुमारे ५८ टक्के. प्रौढ पुरुषात हे प्रमाण साधारणपणे पन्नास ते पासष्ट आणि स्त्रीत पंचेचाळीस ते साठ यांच्या दरम्यान येते. स्थूल व्यक्तींमध्ये ते याहून खाली उतरते. सुरुवातीच्या ११० किलोच्या पुरुषाचे ५२.४ लिटर म्हणजे ४८ टक्केच होतात, आणि ते योग्यच आहे. ही पडताळणी म्हणजे फुकटचा पहारेकरी आहे. समजा, कोणी वरच्या उदाहरणात उंची १७० ऐवजी १.७० अशी मीटरमध्ये घातली, तर उत्तर २२.४ लिटर, म्हणजे ३२ टक्के येते. सत्तर किलोच्या मध्यम बांध्याच्या माणसात हे शक्यच नाही, त्यामुळे चूक तिथल्या तिथे पकडली जाते.

माप किती चुकले तर उत्तर किती हलते, हेही एकदा पाहून ठेवावे. वॉटसन सूत्रात पुरुषाचे वजन एका किलोने चुकले तर उत्तर सुमारे ०.३४ लिटरने, उंची एका सेंमीने चुकली तर ०.११ लिटरने आणि वय एका वर्षाने चुकले तर ०.१ लिटरने हलते. वयाची चिंता करत बसू नये, काट्याची करावी. ह्यूम-वेयर्स यांचे स्त्रियांचे सूत्र मात्र उंचीच्या बाबतीत फार हळवे आहे. वर सांगितलेली फूट-इंचांची चूक वॉटसन सूत्रात ०.३८ लिटरची ठरते, तर इथे तीच १.२ लिटरची होते. उंचीची खात्री नसेल तेव्हा हे सूत्र टाळलेले बरे.

मुलांना मोठ्यांचे सूत्र लावू नये

का लावू नये हे सांगण्यापेक्षा लावूनच दाखवतो. आठ वर्षांचा मुलगा, उंची १२५ सेंमी, वजन २४ किलो. वॉटसन यांचे पुरुषांचे सूत्र त्याच्या शरीरात २३.२ लिटर पाणी असल्याचे सांगते. म्हणजे हाडे, चरबी, प्रथिने सगळी मिळून उरलेल्या ८०० ग्रॅममध्ये!

मुलांसाठी मेलिट्स आणि चीक यांची १९७० सालची सूत्रे वापरतात, आणि त्यांत उंचीनुसार दोन टप्पे आहेत:

मुलगा, उंची १३२.७ सेंमीपर्यंत: पाणी = −१.९२७ + (०.४६५ × वजन) + (०.०४५ × उंची)
मुलगा, त्याहून उंच: पाणी = −२१.९९३ + (०.४०६ × वजन) + (०.२०९ × उंची)
मुलगी, उंची ११०.८ सेंमीपर्यंत: पाणी = ०.०७६ + (०.५०७ × वजन) + (०.०१३ × उंची)
मुलगी, त्याहून उंच: पाणी = −१०.३१३ + (०.२५२ × वजन) + (०.१५४ × उंची)

त्याच मुलासाठी −१.९२७ + ११.१६ + ५.६२५ = १४.९ लिटर, म्हणजे ६२ टक्के. हे पटण्यासारखे आहे.

सूज, जुलाब आणि कोरडे वजन

इथे जरा थांबून वाचावे, कारण डायलिसिस विभागातल्या नवख्यांची खरी फसगत इथेच होते.

वॉटसन यांच्या पुरुषांच्या सूत्रात वजनाचा सहगुणक ०.३३६२ आहे, स्त्रियांच्या सूत्रात ०.२४६६. या आकड्यांचा अर्थ असा की, तेवढ्याच उंचीच्या दोन पुरुषांपैकी एक दुसऱ्यापेक्षा एक किलोने जड असेल, तर त्या जादा किलोत सरासरीने एक तृतीयांश लिटर पाणी असल्याचे सूत्र धरते. निरोगी माणसांत वजनातला फरक काही स्नायूंचा आणि बराचसा चरबीचा असतो, म्हणून ही सरासरी तिथे चालते. सूज आलेल्या माणसाचा जादा किलो मात्र सगळाच पाण्याचा असतो, आणि सूत्राला ते कळण्याचा काही मार्ग नाही.

उदाहरण घेऊ. १५५ सेंमी उंचीच्या एका स्त्रीचे कोरडे वजन, म्हणजे डायलिसिसनंतर सूज आणि दम नसताना, रक्तदाब आटोक्यात असताना ठरवलेले वजन, ५८ किलो आहे. दोन डायलिसिसच्या मधल्या काळात पाणी साठून ती ६१ किलोची होऊन येते. ५८ किलोवर सूत्र २८.८ लिटर देते, ६१ वर २९.५. म्हणजे तीन लिटर पाणी प्रत्यक्षात वाढलेले असताना सूत्राने पाऊण लिटरसुद्धा धड वाढवले नाही. बरोबर रीत अशी की, सूत्रात कोरडे वजन घालावे आणि त्या वेळचे खरे पाणी हवे असेल तर साठलेले तीन लिटर वरून मिळवावेत: २८.८ + ३ = ३१.८ लिटर.

जुलाब-उलट्यांनी सुकलेल्या माणसात हीच चूक उलट्या दिशेने होते. तीन लिटर पाणी गमावलेल्या त्याच स्त्रीचे वजन ५५ झाले, तर सूत्र फक्त पाऊण लिटर कमी करते आणि शरीरात आहे त्यापेक्षा जास्त पाणी दाखवते. आजारापूर्वीचे वजन ठाऊक असेल तर त्यावर सूत्र लावून गमावलेले पाणी वजा करणे अधिक योग्य ठरते.

गरोदरपणात शरीरातले पाणी काही लिटरने वाढलेले असते, तेव्हा ही सूत्रे वापरू नयेत. अवयवच्छेदन झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत गेलेल्या भागाचा वाटा धरावा लागतो: पूर्ण पाय गेला असेल तर शरीराच्या वजनाचा सुमारे १६ टक्के, गुडघ्याखालचा भाग पावलासह ५.९ टक्के, पूर्ण हात ५ टक्के. गुडघ्याखाली पाय नसलेल्या माणसाचे आजचे वजन ६४ किलो असेल तर ६४ ला ०.९४१ ने भागून ६८ किलो हे अखंड शरीराचे वजन काढावे, त्यावर आणि आधीच्या उंचीवर सूत्र लावावे आणि आलेल्या पाण्याला पुन्हा ०.९४१ ने गुणावे. गेलेल्या पायातही पाण्याचे प्रमाण बाकीच्या शरीराइतकेच होते, असे यात गृहीत धरलेले आहे.

आकडा कुठे कामाला येतो?

युरिया हा रक्तातला टाकाऊ पदार्थ शरीरातल्या जवळपास सगळ्या पाण्यात पसरतो. म्हणून डायलिसिस पुरेसे झाले की नाही हे ठरवणाऱ्या ‘के टी बाय व्ही’ या गुणोत्तरात ‘व्ही’ म्हणून हेच पाणी येते. ‘के’ म्हणजे दर मिनिटाला युरियापासून स्वच्छ होणारे रक्त आणि ‘टी’ म्हणजे मिनिटे. आपल्या ७० किलोच्या पुरुषाला मिनिटाला २०५ मिलिलिटर या दराने २४० मिनिटे डायलिसिस दिले, तर ४९.२ लिटर होतात. त्याला वॉटसनच्या ४०.४ ने भागले तर १.२२ येते, साठ टक्क्यांच्या ४२ ने भागले तर १.१७. आठवड्यातून तीनदा होणाऱ्या हिमोडायलिसिससाठी, म्हणजे यंत्राने रक्त स्वच्छ करण्याच्या डायलिसिससाठी, किमान १.२ ही मर्यादा सर्वत्र मानली जाते. एकच रुग्ण, एकच यंत्र, तेच चार तास. एका हिशेबाने उत्तीर्ण, दुसऱ्याने नापास. हिमोडायलिसिसमध्ये हे गुणोत्तर नेहमी रक्तातील युरियाच्या आधीच्या आणि नंतरच्या तपासणीवरून काढतात, त्यामुळे हा धोका कमी होतो; परंतु यंत्राच्या पडद्यावर चालू डायलिसिसचा आकडा दिसण्यासाठी ‘व्ही’ हाताने भरावा लागतो, आणि पोटाच्या डायलिसिसमध्ये आठवड्याचे १.७ हे उद्दिष्ट तपासताना तर वॉटसन सूत्राचाच आधार असतो. तिथे कोरड्या वजनाऐवजी त्या दिवशीचे वजन टाकणे ही नेहमीची चूक आहे.

दुसरा उपयोग सोडियम वाढलेले असताना होतो. कमी पडलेले पाणी = एकूण पाणी × (सोडियम ÷ १४० − १). सोडियम लिटरमागे १५४ मिलीमोल असेल तर कंसाची किंमत ०.१ येते, २९.८ लिटर पाणी असलेल्या स्त्रीला सुमारे ३ लिटर कमी पडले आहेत, असा अर्थ निघतो. ते किती तासांत भरून काढायचे हा वेगळा आणि नाजूक प्रश्न आहे, आणि तो डॉक्टरांवरच सोडावा.

तिसरा उपयोग चरबीच्या अंदाजाचा, आणि याबद्दल मला थोडा कडक शब्द वापरायचा आहे. ४०.४ लिटरला ०.७३२ ने भागले की चरबीविरहित वजन ५५.२ किलो येते, उरलेले १४.८ किलो चरबी, म्हणजे २१ टक्के. गणित बरोबर आहे. पण हे उत्तर त्या माणसाचे नव्हे. त्याच उंचीच्या, वयाच्या आणि वजनाच्या एका पहिलवानाच्या अंगात १२ किलो चरबी असेल तर त्याचे पाणी ४२.५ लिटर भरेल. दिवसभर बसून काम करणाऱ्या दुसऱ्याच्या अंगात २२ किलो असेल तर ३५.१ लिटर. सूत्र दोघांनाही ४०.४ च सांगणार. ज्या सूत्रात चरबी मोजलेलीच नाही, त्यातून चरबी काढणे म्हणजे आपणच ठेवलेली वस्तू शोधून दाखवणे आहे. चरबीचा अंदाज हवा असेल तर पाणी वेगळ्या मार्गाने मोजावे लागते, निदान शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून त्याला होणारा विरोध पाहणाऱ्या यंत्राने तरी.

यावरून सूत्रांच्या अचूकतेचीही कल्पना येते. वॉटसन सूत्राच्या उत्तराभोवती प्रमाण त्रुटी, म्हणजे उत्तर खऱ्या आकड्यापासून साधारणपणे किती दूर पडते याचे माप, साधारण साडेतीन ते पावणेचार लिटर आहे. त्यामुळे एखाद्या व्यक्तीसाठी ४०.४ असे उत्तर आले, तर खरा आकडा ३७ किंवा ४४ असणे काही नवलाचे नाही. सारख्याच बीएमआयला, म्हणजे उंचीच्या मानाने सारख्याच वजनाला, काही लोकसमूहांत चरबीचे प्रमाण जास्त असते. तिथे सूत्र पाणी जास्त दाखवण्याकडे झुकते. एकाच व्यक्तीचा आकडा महिन्यामागून महिना पाहताना मात्र त्रुटीचा बराच भाग दोन्ही वेळी सारखाच राहतो, म्हणून सूत्र अधूनमधून बदलू नये.

शेवटची पायरी: नोंद

उत्तर दशांशानंतर एका अंकापर्यंत लिहावे, त्यापुढचे अंक सोडून द्यावेत. आकड्याबरोबर सूत्राचे नाव, वापरलेले वजन कोरडे की त्या दिवशीचे, उंची उभ्याने मोजलेली की गुडघ्यावरून काढलेली आणि तारीख एवढे लिहिले, म्हणजे पुढच्या पाळीच्या माणसाला विचारत फिरावे लागत नाही. वरच्या स्त्रीची नोंद अशी दिसेल: ‘एकूण पाणी २८.८ लिटर, वॉटसन, स्त्री, कोरडे वजन ५८ किलो, उंची १५५ सेंमी, उभ्याने, आजचे वजन ६१ किलो, जादा द्रव ३ लिटर धरलेला नाही.’ कोरडे वजन बदलले की त्याच दिवशी हा आकडा नव्याने काढावा आणि यंत्रात भरलेला जुना ‘व्ही’ही आठवणीने बदलावा.